माझ्या घरात ढेकूण झाले होते

14 जूनची दुपार. पाऊस लागून आठवडा झाला होता आणि बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीत चार वाजताच दिवा लावायची वेळ आली होती. मी एका ब्लाउजला अस्तर जोडत होते. फिकट बदामी, सुती. मशीनच्या बल्बखाली त्या अस्तरावर तांबूस काहीतरी सरकलं. धाग्याचा तुकडा असेल असं वाटलं, मग त्याला पाय दिसले. मसुराच्या डाळीएवढं आणि तसंच चपटं. बोटानं दाबलं तर रक्ताचा ठिपका उमटला आणि तो वास आला. लहानपणी ज्यानं तो एकदा घेतलाय त्याला सांगावा लागत नाही. कोथिंबिरीची जुडी पिशवीत कोंडून राहिली की येतो तसा, पण तेलकट.

बावीस वर्षं मी घरी शिवण करते. ब्लाउज, फॉल-पिको, साडीचे गोंडे. दुसऱ्यांच्या घरचे कपडे माझ्याकडं येतात, आठ-पंधरा दिवस राहतात आणि परत जातात. त्या ठिपक्याकडं बघताना पोटात गोळा आला तो ह्याच विचारानं, की गेल्या महिनाभरात किती पिशव्या ह्या घरातून बाहेर गेल्या.

अस्तर बदललं. कुणाला काही बोलले नाही.

खरं तर खुणा आधीपासून होत्या. तीन आठवडे माझ्या दंडावर आणि लेकीच्या मानेवर सकाळी गांधी उठलेल्या असायच्या, तीन-चार एका ओळीत. डास असतील म्हणून उदबत्ती लावली, मग डॉक्टरांकडून अ‍ॅलर्जीची गोळी आणली. आमच्या ह्यांच्या अंगावर एक डाग नाही, आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्याही नाही. "मला काय चावत नाही बघ, तुझ्या मनाचंच आहे," असं हे म्हणायचे. नंतर कळलं की कितीतरी लोकांच्या अंगावर ढेकणाच्या चाव्याची खूणच उमटत नाही. चावतो सगळ्यांना. घरात एकालाच गांधी उठत असतील तर त्या माणसाला खोटं पाडू नका, एवढं मी हात जोडून सांगते.

त्या रात्री अडीच वाजता उठून टॉर्च लावला. सोप्यातल्या, म्हणजे पुढच्या खोलीतल्या दिवाणावर आत्याबाई झोपतात, त्यांच्या गादीची खोळ मीच शिवलेली. कड उठून दिसावी म्हणून मी शिवणीला दुमड ठेवली होती. ती दुमड नखानं उलटली आणि आत ते ओळीनं बसलेले होते. मोठे, मधले, अगदी बारके फिकट पिवळे. शेजारी शाईच्या पेननं टोचावेत तसे काळे ठिपके, ती त्यांची विष्ठा, आणि टाकलेल्या कातींची फोलं. दिवाणाच्या प्लायवूडच्या सांध्यात, स्क्रूच्या भोकात खसखशीपेक्षा जराशी मोठी पांढरी अंडी, डिंकानं चिकटवल्यासारखी. मादी दिवसाला एक ते पाच अंडी घालते आणि आठवडा-दहा दिवसांत पिल्लू बाहेर येतं. त्यानंतर ते पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक कातीआधी त्याला एकदा रक्त लागतंच. मे महिन्यात दोन-चार आले असतील तर जूनच्या मध्यावर एवढे कसे झाले, हा हिशेब मी नंतर मांडला. त्या रात्री नुसती बघत बसले.

सकाळी आत्याबाईंना सांगितलं. मला वाटलं त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी ढेकूण नाही असं एक घर दाखव की मला."

त्यांचं माहेर खानापूरकडचं. त्या सांगतात, रविवारी खाटा अंगणात काढून दगडावर आपटायच्या, पोरांनी गोळा होऊन पडतील ते चिरडायचे आणि बाईनं सांध्यांत कढत पाणी ओतायचं. मलेरियावाले पंप घेऊन आले की भिंतींवर डीडीटीचे पांढरे पट्टे उठायचे. तो 1953 नंतरचा काळ, देशभर मलेरियाची मोहीम सुरू झाली तेव्हाचा. त्या फवाऱ्यानं सुरुवातीला ढेकूणही मेले, मग पुन्हा दिसायला लागले. डीडीटीला न जुमानणारे ढेकूण हवाई बेटांवर 1947 सालीच सापडले होते. म्हणजे आपल्याकडं फवारा यायच्या आधीच. आत्याबाईंना लाज कशी ती वाटली नाही. त्यांच्या काळात ढेकूण म्हणजे उन्हाळ्यात घाम येतो तशी गोष्ट होती. लाज आमच्या पिढीनं आणली. मधली काही वर्षं शहरातल्या घरांत ते फारसे दिसत नव्हते, म्हणून ज्याच्या घरात दिसले त्याचं घर घाणेरडं असा अर्थ झाला. ढेकणाला घाण लागत नाही. त्याला रक्त लागतं आणि आपल्या श्वासावरून, अंगाच्या उबेवरून तो माग काढत येतो. त्याला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही. तो चालत येतो, नाहीतर आपण पिशवीतून आणतो.

हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी काय केलं? मागच्या खोलीत मागावर कामाला आलेली तीन मुलं नवीन भाड्यानं राहत होती. मनातल्या मनात मी सगळा दोष त्यांच्यावर टाकला. त्यांच्याशी बोलायचं बंद केलं, एकदा त्यांचा डबा भरून द्यायचा होता तोही दिला नाही. ती मुलं निर्दोष होती आणि मी त्यांच्याशी वाईट वागले. पुढं त्यांच्या खोलीत जाऊन त्यांना हे सांगितलं तेव्हा ती लाजून हसली. मला मात्र अजून लागून राहिलंय.

चोरून उपाय सुरू केले. वाकळा उन्हात टाकायच्या तर बेळगावच्या जूनमध्ये ऊन कुठलं. डांबराच्या गोळ्या ठेवल्या, काही झालं नाही. झुरळांची बोरिक पावडर टाकली, तीही वाया. झुरळ पावडर चाटून मरतं, ढेकूण रक्ताशिवाय काही तोंडी लावत नाही. मग एका ओळखीतून फवारणीवाला बोलावला, दुपारच्या वेळी, गल्ली झोपलेली असताना. 1,200 रुपये घेतले, तासाभरात मारून गेला. "सहा महिने बघायला नको वहिनी," म्हणाला. पाच रात्री शांत गेल्या. 26 जूनला आत्याबाईंच्या पांढऱ्या अभ्र्यावर टाचणीच्या टोकाएवढी पिल्लं दिसली, काचेसारखी आरपार, एकाच्या पोटात लाल ठिपका. अंड्यांवर तो फवारा चालत नाही, ती पिकून फुटली होती. आणि बाजारात जी नेहमीची औषधं मिळतात त्यांतल्या बऱ्याच औषधांना आता ढेकूण सरावलेत.

त्या रात्री लेक माझ्याजवळ येऊन बसली. धारवाडला हॉस्टेलला असते, मेच्या शेवटी सुट्टीला आली होती, गादी गुंडाळून बरोबर आणलेली. म्हणाली, "मम्मी, हे माझ्याबरोबर आलेत. तिथं जानेवारीपासून आहेत. खोलीतल्या चौघींनाही माहीत आहे. कुणी बोलत नाही." मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "तू तरी कुणाला सांगितलंस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या अक्कांच्या दारात गेले. त्यांच्या घरात दोन पॉवरलूम चालतात, आमची-त्यांची भिंत एकच. मराठी त्यांना येते, कानडी मला कामापुरती. मागाच्या खटखटाटात बोलता येईना म्हणून त्यांनी माग बंद केला. आणि मग ते शांततेत बोलणं आणखी अवघड झालं. मी म्हटलं, "अक्का, आमच्याकडं ढेकूण झालेत." त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मला वाटलं शब्द कळला नाही, म्हणून म्हटलं, "तिगणे." तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हळूच म्हणाल्या, "नम्म मन्यागूनू अदावरी." आमच्याही घरात आहेत.

पंधरा दिवस भिंतीच्या अलीकडं मी आणि पलीकडं त्या, दोघी चोरून औषध मारत होतो. माझ्याकडं फवारलं की काही त्यांच्याकडं सरकायचे, त्यांच्याकडं फवारलं की माझ्याकडं. वायरिंगची पट्टी भिंतीतून जिथं पलीकडं जाते तिथं बोटभर फट आहे. पट्टी उचकटली तर आत काळे ठिपकेच ठिपके होते.

इथं एक गोष्ट थांबून सांगायलाच हवी. अक्कांच्या घरी कुणीतरी धान्यात ठेवायच्या गोळ्या आणून दिल्या होत्या, खोलीत चार ठेवून दार लावा म्हणून. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, आणि पावसाळ्यात ओलावा कमी असतो का? तो वायू फटीतून शेजारच्या खोलीत जातो, झोपलेल्या माणसाला कळत नाही आणि डॉक्टरकडं त्याचा उतारा नाही. ढेकणांसाठी ह्या गोळ्या ठेवून माणसं गेलीत, लहान मुलं गेलीत. त्या फटीच्या अलीकडं आत्याबाईंचा दिवाण होता. अक्कांनी तो डबा उघडला नव्हता, माझ्या पुढ्यात ठेवला. ढेकणानं अंगावर गांधी उठतात, झोप जाते, जीव हैराण होतो, पण तो रोग पसरवतो असं कुठं दिसलेलं नाही. त्याच्यासाठी घरात तो वायू आणू नका. रॉकेलही नको, प्लायवूडला आणि गादीला ठिणगी लागायला वेळ लागत नाही.

दोन्ही घरं आणि मागची मुलांची खोली एकाच वेळी करायची असं ठरलं. ह्या वेळी फवारणीवाल्याला आधी परवाना विचारला. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली तो लागतो. त्यानं कागद काढून दाखवला आणि स्वतःहून म्हणाला, तीन वेळा यावं लागेल, चौदा दिवसांच्या अंतरानं, आणि मी येण्याआधी निम्मं काम तुम्ही करायचं. त्याच्या ह्या बोलण्यावरच मी विश्वास ठेवला.

निम्मं काम म्हणजे उष्णता. 50 अंशांच्या वर काही वेळ राहिलं की ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात, कपडे 60 अंशांच्या पाण्यात धुवायचे. न्हाणीतला तांब्याचा बंब तीन दिवस विझला नाही. चादरी, अभ्रे, खोळी, आत्याबाईंची इरकली लुगडी सोडून सगळं सुती कढत पाण्यातून काढलं. वाकळा मोठ्या भगुल्यात एकेक करून भिजवल्या, पिळायला अक्का आणि मी दोन टोकांना. वाळायला आठवडा लागला, मागाच्या खोलीत पंख्याखाली. दिवाण खोलून प्रत्येक सांध्यावर माझी वाफेची इस्त्री फिरवली, वर पाण्याचा डबा टांगलेली, शिंप्यांची असते ती. पहिल्या दिवशी वाफेच्या जोरानं ढेकूणच उडून पलीकडं पडले. मग इस्त्रीच्या तोंडाला फडकं बांधलं आणि इतकी हळू फिरवली की एका फळीला पाऊण तास गेला. खोळीची ती दुमड उसवून टाकली. आता मी गादीच्या खोळीला दुमड ठेवत नाही, गिऱ्हाईक म्हणालं तरी समजावून सांगते.

आता गिऱ्हाइकांचं. ते सगळ्यात जड होतं.

वहीत तेव्हा 17 जणींचे कपडे होते. दोन संध्याकाळी बसून एकेकीला फोन केला. काय म्हणायचं ते आधी कागदावर लिहून काढलं होतं, तरी पहिल्या फोनला आवाज फुटेना. "ताई, माझ्या घरात ढेकूण झालेत. तुमचा कपडा माझ्याकडं आहे. नीट करून देईन, पण आठवडा उशीर होईल. नको असेल तर तसाच घेऊन जा." बहुतेक जणी गप्प झाल्या आणि बरं म्हणाल्या. येळ्ळूरची एक नवरीची आई लगेच गाडीवर आली, काळ्या पिशवीत साडी घातली, दाराबाहेरूनच गेली. तिचा आगाऊ घेतलेला पैसा परत दिला. ती परत आली नाही. तिच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं.

25 मेनंतर ज्यांचे कपडे दिले होते त्या अकरा जणींनाही फोन केले. एकीनं सांगितलं, सोफ्यावर एक दिसलाय. तिच्या घरी मी इस्त्री घेऊन तीनदा गेले, सोफा उलटा करून वाफ दिली. तिची सासू मला एक शब्द बोलली नाही. चहा दिला, पण बोलली नाही.

सुती कपडे गरम पाण्यानं भागले. रेशमी साड्या नऊ होत्या, जरीच्या, त्यांना कढत पाणी कसं दाखवणार? खासबागेत पुतण्याचं कोल्ड्रिंकचं दुकान आहे, आइस्क्रीमचा डीप फ्रीज. त्याला सगळं खरं सांगून विचारलं. "काकू, पावसात आइस्क्रीम कोण खातंय, ठेवा की," म्हणाला आणि फ्रीज रिकामा करून दिला. उणे 18 अंशांत पूर्ण चार दिवस राहिलं की ढेकूण आणि अंडी जगत नाहीत. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा वारंवार उघडला जातो, तेवढा गार राहत नाही. साड्या एकेक करून जाड प्लॅस्टिकमध्ये घातल्या, हवा काढली, चिकटपट्टी लावली. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. खोलीच्या उबेला येऊ द्यायची, म्हणजे दंव बाहेरच्या बाजूला धरतं आणि रेशमाला पाणी लागत नाही. नवातल्या एकाही साडीला डाग पडला नाही. मी देवाला नारळ फोडला.

घरात किती उरलेत हे मोजायला दिवाणाच्या चारही पायांखाली प्लॅस्टिकच्या वाट्या ठेवल्या, आत टाल्कम पावडर बोटानं चोळून. दिवाण भिंतीपासून वीतभर लांब, चादर जमिनीला टेकता कामा नये. म्हणजे वर चढायला पायाशिवाय वाट नाही, आणि वाटीत पडलेला ढेकूण गुळगुळीत पावडरीवरून वर येऊ शकत नाही. आत्याबाईंना मुद्दाम तिथंच झोपायला लावलं. खोली बदलली तर ढेकूण माणसामागं दुसऱ्या खोलीत जातात, हे त्यांना सांगताना मला कसंतरी झालं. "मी काय पळून जात नाही बघ," त्या म्हणाल्या. रोज सकाळी वाट्या बघून आकडा मापाच्या वहीत लिहायचा. छाती 36, बाही 9, आणि त्याच पानाच्या कोपऱ्यात 11. मग 7. मग 9, त्या दिवशी मी रडले. पहिली फवारणी 6 जुलैला झाली. नंतर 4, 4, 1, 2. दुसरी 20 जुलैला. 24 तारखेला पहिलं शून्य.

मध्येच मंगाईची यात्रा आली. आषाढातली ही यात्रा म्हणजे वडगावात घरटी पंधरा-वीस पाहुणे, सोप्यात पाय ठेवायला जागा नसते. खानापूरहून नणंद, तिची मुलं, जावई, सगळे मुक्कामाला असतात. ह्यांचं म्हणणं होतं, घरात आजारी आहे असं काहीतरी सांगू. मी नणंदेला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मुक्काम नको वहिनी, संध्याकाळच्या बसनं जातो की आम्ही. जेवायला तर घालशील का नाही?" सगळे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून जेवले, पिशव्या परड्यात वळणीला टांगल्या. जाताना प्रत्येक पिशवी झटकून दिली. देवीपुढं मी काय गाऱ्हाणं घातलं ते तुम्हाला कळलं असेल.

तिसरी फवारणी 3 ऑगस्टला झाली. त्या आठवड्यात वहीत सगळी शून्यं होती, तरी करून घेतली. मोठा ढेकूण काही महिने उपाशी राहू शकतो, त्यामुळं वाट्या पुढं दिवाळीपर्यंत ठेवल्या. वायरिंगची फट अक्कांच्या मालकांनी त्यांच्या बाजूनं आणि ह्यांनी आमच्या बाजूनं सिमेंटनं बुजवली. नवीन कपडे घेणं मी ऑगस्टच्या शेवटी सुरू केलं. दीड महिन्याची कमाई गेली, गणपतीचं काम थोडंच मिळालं.

लेक जुलैत परत गेली तेव्हा तिच्या सामानात टाल्कमचा डबा आणि आठ वाट्या होत्या. पहिल्याच आठवड्यात तिनं खोलीतल्या मुलींसमोर हॉस्टेलच्या मॅडमना सांगितलं. आधी मॅडम चिडल्या. मग दुसऱ्या खोलीतल्या मुली बोलायला लागल्या, मग तिसऱ्या. सप्टेंबरात सगळा मजला रिकामा करून फवारणी झाली, दोनदा.

ह्या मे महिन्यात ती सुट्टीला आली तेव्हा सोप्यात आली नाही. सरळ बोळातून मागच्या परड्यात गेली, बॅग फरशीवर ठेवली, न्हाणीत कपडे बदलले आणि आतले सगळे कपडे बंबाच्या पाण्यात टाकले. आत्याबाई दिवाणावरून हाका मारत होत्या, "अगं ये की आत, किती वेळ?" ती आतून ओरडली, "आले आज्जी, टॉर्च कुठंय?" आणि दाराशी बसून तिनं बॅगेची एकेक शिवण उलटून बघितली, मी तिला दाखवली होती तशी, नखानं.